न दिलेले घेऊ नये : नव्या घरातील चोरीच्या निमित्ताने

(विहाराच्या वर्धापनदिन व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हा उभयतांना बोलण्याची संधी दिल्याबद्दल प्रथम समितीचे आभार मानतो. आम्ही काही वक्ते नव्हे. आमच्यापैकी एकाने तीस वर्षे कारखान्यात लेथ चालविला आणि एकीने बालवाडीत मुले सांभाळली. विषय कोणता घ्यावा असे विचारले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या नव्या घरी जे झालं तेच सांगा. वस्तीतली दहा-बारा कुटुंबं यंदा नव्या जागेत जायच्या तयारीत आहेत. त्यांना उपयोग होईल." म्हणून हा विषय. आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, राहायला जाण्याआधीच घर फुटले तर काय करावे. दुसरी अधिक महत्त्वाची : त्या वेळी काय करू नये.

आपल्या माणसाचे घर कसे होते हे येथे सांगायला नको. चाळीतील दहा बाय बाराची खोली, तीत सहा माणसे, पावसाळ्यात पत्र्याखाली पातेली. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, पतपेढीचे कर्ज आणि मंगळसूत्र सोडून उरलेले सोने, एवढे एकत्र करून आम्ही जागा घेतली. ज्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते बुद्धमूर्ती स्थापन केली, त्या देहूरोडच्या पलीकडे एका नव्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी. २६ जानेवारी २०२५, रविवार, प्रजासत्ताक दिनी राहायला जायचे ठरले. पत्रिका छापल्या होत्या. भन्तेजींना आमंत्रण गेले होते.

१२ जानेवारीला सकाळी आम्ही दोघे, आई आणि पुतण्या असे पडदे लावायला गेलो. दाराशी गेलो तर कुलूप जागेवर लटकलेले, पण कोयंडा चौकटीसकट उचकटलेला. दार नुसते ओढून घेतलेले. क्षणभर वाटले, रंगारी आला असेल. आत पाऊल टाकले आणि पाण्याचा आवाज आला. मोरीतील नळ पिळून काढून नेले होते आणि पाइपातून पाणी वाहत होते. स्वयंपाकघरातील स्टीलचे सिंक नाही. गिझर खोक्यातून काढलाच नव्हता, तो खोक्यासकट गेला. भिंतीतल्या नळ्यांतून तांब्याची वायर ओढून घेतलेली, स्विचबोर्ड दात पडलेल्या तोंडासारखे उघडे. मागच्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट गायब. आईने गावाहून आणलेला तांब्याचा बंब आदल्याच आठवड्यात तेथे नेऊन ठेवला होता. तोही गेला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. पुस्तकांची पत्र्याची पेटी होती, तिच्यात बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड आणि खैरमोड्यांनी लिहिलेल्या चरित्राचे काही भाग होते. चोराला पेटी हवी होती, बहुधा नळ भरून न्यायला. पुस्तके त्याने फरशीवर ओतली आणि पेटी घेऊन गेला. आई ती पुस्तके पदराने पुसत म्हणाली, "याला मोडीत भाव नाही बाबा, म्हणून वाचली."

हिशेब केला तर एक्केचाळीस हजारांच्या आसपास नुकसान. श्रीमंताला ही रक्कम मोठी नाही. आम्हाला ती वर्षभराच्या हप्त्यांएवढी होती. पण बंधूंनो, खरे दुःख पैशाचे नव्हते. ज्या घरात आपण अजून एक रात्र झोपलो नाही, चहा केला नाही, त्या घरात आपल्या आधी कोणी परका फिरून गेला, हे मनाला टोचत होते. मोरीच्या ओल्या फरशीवर त्याच्या चपलेचे ठसे होते. ते ठसे पाहून आमच्यातल्या एकीला तेथे उभे राहवेना.

आता पहिली गोष्ट, काय करावे.

आम्ही पाण्याचा मुख्य कॉक इमारतीबाहेरून बंद केला आणि सर्वजण बाहेर आलो. दार, कोयंडा, खिडकी, कशालाही हात लावायचा नाही. ठसेतज्ज्ञाला जे सापडायचे ते तेथेच असते. आपल्या बायाबापड्यांना घाण दिसली की झाडू घ्यायची सवय, ती त्या दिवशी आवरायची. मोबाईलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे. ११२ या क्रमांकावर फोन करायचा किंवा सरळ ठाणे गाठायचे. वायर उघडी पडली असेल तर मीटरजवळचा मेन स्विच बंद केल्याशिवाय आत कोणालाही जाऊ देऊ नये, विशेषतः लहान मुलांना.

१ जुलै २०२४ पासून देशात जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. राहत्या घरातील किंवा माणसांना राहण्यासाठी असलेल्या जागेतील चोरी तिच्या कलम ३०५ खाली येते आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. घर फोडून आत शिरणे हा त्याखेरीज वेगळा गुन्हा. 'अजून राहायला गेला नव्हता ना, मग कसली घरफोडी?' असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नये. ताबापत्र आणि कराराची प्रत सोबत न्यावी.

तक्रार लिहून झाली की ती आपल्याला वाचून दाखवली पाहिजे, मगच सही करायची. प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे ज्याला आपण एफआयआर म्हणतो त्याची, एक प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. तो आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचे, असे नव्या कायद्यात लिहिले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा हातात घ्यायला नव्हे, कायदा वाचायला शिकवले.

नव्या जागेत जाणाऱ्यांनी आणखी थोडे लक्षात ठेवावे. ताबा मिळाल्या दिवशीच कुलूप बदलावे, कारण आधीच्या कुलपाच्या चाव्या सुतार, गवंडी, रंगारी अशा दहा हातांतून गेलेल्या असतात. नळ, गिझर, पंप या वस्तू शेवटच्या दोन दिवसांत बसवाव्यात. पावत्या घरी जपाव्यात आणि वस्तूंवरचे क्रमांक वहीत टिपावेत. घराचा विमा उतरवला असेल तर रिकाम्या घरातील चोरीची भरपाई त्यात बसते का, हे आधी विचारून घ्यावे. आणि सामान नेण्याअगोदर शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी. घराला कुलपाएवढीच शेजाऱ्याच्या नजरेची राखण असते.

आता दुसरी गोष्ट. ज्यासाठी आज आम्ही येथे उभे आहोत.

पोलीस येईपर्यंत इमारतीतील पाच-पन्नास माणसे जमली. प्रत्येकाने चोर पकडून दिला. कोणी म्हणाले, रस्त्याच्या कडेला पारध्यांची पालं पडली आहेत, दुसरं कोण असणार? कोणी म्हणाले, बांधकामावर पाणी मारणारा पोरगा होता ना, मराठवाड्याकडचा, त्याला घराची सगळी वाट ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरचे काका तर पैजेवर आले. आमचा पुतण्या तरुण, रक्त गरम. तो म्हणाला, "काका, नाव द्या. दोन फटके पडले की आपोआप बोलंल."

हवालदार साहेबांनी वही उघडली आणि रीतीप्रमाणे विचारले, "कोणावर संशय?"

धम्मबंधूंनो, या दोन शब्दांच्या प्रश्नापाशी माणसाची परीक्षा असते. समोर फुटलेले दार आहे. तीस वर्षांची कमाई ओली होऊन पडली आहे. जमलेली माणसे कानात नाव सांगत आहेत. आणि ज्याचे नाव घ्यायचे त्याच्या पाठीशी ना वकील, ना पुढारी, ना शेजारी. नाव घेणे इतके सोपे असते.

तेव्हा आई पुढे झाली. तिचे वय त्र्याऐंशी. पुतण्याला म्हणाली, "तू डोळ्यानं बघितलं का? नाही ना? मग नाव कशाला घेतोस? तुझ्या पणज्याला असंच चावडीवर बसवलं होतं. पाटलाचा बैल मेला, म्हणले म्हारानं विष घातलं. रात्रभर खांबाला बांधला. सकाळी कळलं, बैलाला पान लागलं होतं. पण सोडताना कुणी म्हटलं नाही, की बाबा, आमचं चुकलं."

ही गोष्ट आमच्या घरात पूर्वी कधी निघाली नव्हती. आईने ती सत्तर वर्षे पोटात ठेवली होती.

आपल्या समाजाचा आणि चोरीचा संबंध मोठा विचित्र आहे. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर आपला. गावाचे दार उघडायचा आणि लावायचा तो. सगळ्या गावाच्या घरांची राखण त्याच्यावर, आणि त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर. गावात काही बिघडले, जनावर मेले, की पहिला आळही त्याच्यावरच. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात महार वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. संशयाखाली जगणे काय असते हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आणि ज्या पालांकडे बोटे दाखवली जात होती, त्यांची कथा आपल्याहून कठोर आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवता येऊ लागल्या. तान्हे मूलही गुन्हेगार जमातीचे. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली होती. देश १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून ते लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा कागदावरून गेला, पण माणसांच्या जिभेवरून गेला नाही. आपण त्याच जिभेने बोलायचे का?

हवालदार साहेबांना आम्ही सांगितले, "आम्ही कोणाला पाहिलेलं नाही. कोणावर संशय घेत नाही. पण आम्हाला जे माहीत आहे ते सगळं लिहून घ्या." आणि मग आम्ही माहिती दिली. चाव्या कोणाकोणाकडे होत्या, ती सगळी नावे. शेवटचे कोण कधी येऊन गेले. गिझरचा क्रमांक. बंबावर कोरलेले आजीचे नाव. मागच्या बाजूला दिवा नाही, हेही सांगितले. साहेब म्हणाले, "हे बरं झालं. असं सांगितलं तर तपासाला दिशा मिळते."

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. चाव्या रंगाऱ्याकडे होत्या, ही माहिती आहे. रंगाऱ्याने चोरी केली, हा आरोप आहे. माहिती लपवू नये. डोळ्यांनी पाहिले असेल तर न घाबरता नाव सांगावे, मग तो आपला भाऊबंद का असेना. परंतु जात, पाल, गरिबी किंवा फाटके कपडे ही माहिती नव्हे. खोटी खबर देऊन दुसऱ्याला पोलिसांकडून त्रास देणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

आपण रोज पंचशील घेतो. दुसरे शील अदिन्नादानाचे, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेण्याचे. बावीस प्रतिज्ञांतही चोरी करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. आपण समजतो, हे शील चोरासाठी आहे, आपण कोणाचे नळ काढून नेत नाही, तेव्हा आपले शील शाबूत. पण आम्हाला त्या दिवशी वाटले, ज्याची चोरी झाली त्याचीही या शिलावर परीक्षा होते. गरिबापाशी घर नसते, सोने नसते. त्याच्यापाशी फक्त त्याचे नाव असते. पुराव्याशिवाय ते नाव वहीत लिहून देणे म्हणजे त्याने न दिलेले घेणेच होय. नळ पुन्हा बाजारात मिळतात. नाव मिळत नाही.

तो पाणी मारणारा मुलगा निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. तो दोषी की निर्दोष, हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते आणि आजही नाही. चोर अजून सापडलेला नाही. म्हणूनच सांगतो, हा नियम निर्दोषाला वाचवण्यापुरता नाही. आपल्या तोंडाला खोट्याची सवय लागू नये, यासाठी तो आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहावर ७ जुलै २०२० रोजी हल्ला झाला, काचा फुटल्या, कुंड्या फोडल्या, हे सर्वांना आठवत असेल. ते केवळ घर नव्हे, ग्रंथांसाठी बांधलेली वास्तू. सगळ्या महाराष्ट्राचे रक्त उसळले होते. तेव्हा बाबासाहेबांच्या कुटुंबीयांनी शांतता राखण्याचे आवाहन केले. तपास ज्यांचा आहे त्यांना करू द्यायचा. आपल्या दोन खोल्यांसाठी त्याहून वेगळे वागायचे कारण काय?

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. त्यात एका राजाची कथा येते. त्याच्या राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. राजाला यज्ञ करायचा होता. पुरोहिताने त्याला सांगितले की मारून, बांधून, हद्दपार करून ही पीडा संपणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पोटापुरते वेतन द्या. राजाने तसे केले. मग लोक मुलांना कडेवर नाचवीत, घराची दारे उघडी टाकून राहू लागले, असे त्या सुत्तात वर्णन आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी सुरक्षित घराची खूण काय सांगितली? जाड कुलूप नव्हे, उघडे दार. आज आम्ही दार उघडे टाका असे सांगणार नाही. लोखंडी जाळी आम्हीही बसवली. पण जाळीने चोर थांबतो, चोरीचे कारण थांबत नाही, एवढे ध्यानात असावे.

नंतरचे थोडक्यात सांगतो. नातेवाइकांपैकी काहीजण म्हणाले, पाय ठेवायच्या आधीच घर फुटलं, वास्तूला दोष आहे, शांत करून घ्या, नारळ-लिंबू फिरवा, निदान तारीख तरी पुढे ढकला. आम्ही म्हटले, दोष वास्तूत नाही, कोयंड्यात होता. तो बदलला. तारीख तीच ठेवली.

पण तारीख ठेवणे आमच्या एकट्याच्या हातात नव्हते. चौदा दिवस, खिशात पैसा नाही. तेव्हा हा विहार उभा राहिला. आपल्यातल्याच एका वायरमन भावाने चार दिवस कामावरून आल्यावर रात्री वायरिंग केले. मजुरी घेतली, पण सामानाचे पैसे तीन महिन्यांनी द्या म्हणाला. नळाचे सामान पतपेढीच्या सभासदांनी उधारीवर मिळवून दिले. युवक मंडळाची मुले दोन-दोन करून आळीपाळीने तेथे झोपायला आली. आमचा तो पुतण्याही झोपला. त्या थंडीत पालांतले एक म्हातारे बाबा शेकोटीला येऊन बसत, असे त्याने सांगितले. काय बोललात विचारले तर म्हणाला, "काही नाही, ते म्हणाले तुमच्या मागच्या अंगाला दिवा लावा, आमची पण लेकरं तिकडून येतात-जातात." आम्ही दिवा लावला. तो आता दोघांच्याही उपयोगी पडतो.

२६ तारखेला सकाळी मुलांनी इमारतीत संविधानाची उद्देशिका वाचली. नंतर भन्तेजींनी परित्राण पाठ केला. भिंतीवर दोन ठिकाणी रंग उडालेला होता, खिडकीला प्लायवूड ठोकलेले होते, गिझर नव्हता. स्वयंपाकघरात वस्तीतल्या बायांनी खीर केली. ज्या एकीला त्या ओल्या फरशीवर उभे राहवत नव्हते, तिनेच ती फरशी धुतली आणि तेथेच पहिली चूल, म्हणजे गॅस, पेटवला.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची ही पहिलीच पक्की घरे आहेत. आपल्या आजोबांनी दुसऱ्यांची दारे राखली. आता आपल्याला स्वतःची दारे आहेत, ती जरूर राखावीत. मजबूत कडी घाला, पावत्या जपा, कायदा शिका, तक्रार करायला कचरू नका. मात्र ज्या दिवशी कोणी वही उघडून 'कोणावर संशय?' असे विचारील, त्या दिवशी जे पाहिले तेवढेच बोला. घर असलेल्या माणसावर ही एक जबाबदारी वाढते. कारण आता चावडी आपल्या बाजूला आहे.

 सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय. जयभीम.